डावी स्लाइड

बेकपच्या चढावर, बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्यामागं
क्लिफर्ड एंट्विसलचं गॅरेज. दार अर्धंच उघडतं,
दर रविवारी आत शिरताना माझी पर्स अडकते.

एकोणसत्तरची ट्रायम्फ. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर,
एका मुठीतून निघून वाटेत दुभंगलेली केबल.
"दोघांनी एकदम श्वास घ्यायला हवा," तो म्हणतो,
ओरडूनच, कारण स्वतःचा आवाजही त्याला ऐकू येत नाही.
सोळाव्या वर्षी गिरणीत माग जुळवायला लागला,
एका छपराखाली चारशे माग.
तिशीत कान संपले.
ओठ वाचायला तिथंच शिकला, सगळेच शिकायचे.
माझं इंग्रजी मात्र त्याला धड वाचता येत नाही.
"तुझे ओठ दुसरंच काहीतरी म्हणत असतात."

मी औषधांच्या दुकानात. मोजणं हा माझा धंदा,
म्हणून जेट मला लगेच कळलं:
कुडीच्या फिरकीसारखा पितळी तुकडा,
मध्ये भोक, अंगावर आकडा, १९०.
मिनिटाला एवढं पेट्रोल त्यातून जाणार. सलाइनच की,
फक्त इथं रुग्णाला लाथ मारून उठवायचं.
जास्त गेलं तर इंग्रजीत गाडी श्रीमंत होते,
कमी गेलं तर कृश.
श्रीमंत झाली की काळा धूर सोडते, कृश झाली की तापते.
सासरकडच्या दोन घरांत मी हे पाहिलंय.

गाडी सुरू झाली की तो मागं उकिडवा बसतो,
दोन नळ्यांच्या तोंडाशी दोन तळवे,
शेकोटीला धरावेत तसे. डोळे मिटलेले.
"डावी मागं पडतेय."
स्क्रू पाव वळसा आत. तळवे. अर्धा बाहेर. तळवे.
दीड वळशाच्या जरा अलीकडे थांबतो.
मला तर दोन्ही सारख्याच वाटत होत्या.

मग वरच्या माळावर. मूठ पूर्ण पिळलेली, तिसरा गिअर,
आणि ऐन जोरात इंजिन बंद, क्लच दाबलेला.
मागच्या सीटवर मला हेल्मेटात
माझंच आवंढा गिळणं ऐकू येतं.
त्याला काय फरक. तो मेंढ्यांना हात करतो.
कडेला थांबून प्लग काढतो, रुमालात धरून दाखवतो.
पांढरा नाही, काजळी नाही.
"बिस्किट," तो म्हणतो.
पोळीवरचा डाग, मी म्हणते, वेळेत उतरवलेल्या.
हे काही त्याला माझ्या ओठांवर सापडत नाही.

पण मार्चपासून एक गोष्ट मी सांगितली नव्हती.
गाडी जागच्या जागी मंद चालते तेव्हा
डाव्या कार्बोरेटरात काहीतरी वाजतं,
टिक्-टिक्, टिटिक्.
स्लाइड झिजलीय, राहत्या घरात सैल झालीय.
परवा प्लगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिलं.
चष्मा कपाळावर सारून त्यानं दोनदा वाचलं.
बोट ठेवून पाहिलं; इंजिनाच्या थरथरीत ते हरवत होतं.
"कसं वाजतं?"

कसं सांगू. त्याचा हात ओढून घेतला,
तेलकट, अंगठ्याचं नख काळंनिळं,
आणि तळव्यावर नखानं वाजवलं.
टिक्-टिक्, टिटिक्.
"कधीपासून?"
मी खांदे उडवले. मी यायच्या आधीपासून.

"आयरीन मागं बसायची, बावीस वर्षं," तो म्हणाला,
पहिल्यांदाच हळू आवाजात.
"तिला येत असणार ऐकू."

खणात मेणकागदात गुंडाळलेली नवी स्लाइड होती.
काढली, फुंकर मारली, बोटावर फिरवून पाहिली,
पुन्हा गुंडाळली.
खण शेवटाला अडकतो, गुडघ्यानं लोटावा लागतो.
मग हात पुढं केला, तळवा वर.
"पुन्हा वाजव," म्हणाला. "सावकाश."